शिकलेली मुलं जाणारच: वंचित तरुणांसाठी प्रशिक्षण-रेस्टॉरंट सुरू करणाऱ्यांना

जूनमध्ये आमच्या प्रशिक्षण-रेस्टॉरंटातली एक मुलगी नोकरी लागून गेली. सहा महिन्यांपूर्वी गॅस पेटवायला घाबरणारी ही मुलगी जाताना सकाळच्या गर्दीत एकटीने तवा सांभाळत होती. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमी येणाऱ्या एका काकांनी ऑम्लेट परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोन परत आली. बाहेर आम्ही तिच्या नोकरीचे पेढे वाटत होतो आणि आत स्वयंपाकघराचा ताल सुटला होता. यात तव्यावरच्या नव्या मुलाचा काहीच दोष नव्हता. ती मुलगी कायम राहणार असं धरून आम्हीच सगळी आखणी केली होती.

इतर हॉटेलांत तयार झालेला हात टिकवून ठेवण्यात मालकाची हुशारी असते. प्रशिक्षण-रेस्टॉरंटात तयार हात वेळेवर बाहेर पडला नाही तर काम फसलं. बालगृहातून बाहेर पडलेली, वस्तीतली, शाळा सुटलेली मुलं इथे येणार, खरं जेवण खऱ्या गिऱ्हाइकांना वाढत शिकणार आणि चांगली होताच दुसरीकडे जाणार. दर सहा महिन्यांनी तुमच्याकडे पुन्हा कच्चे हात येणार. मेनू किती मोठा, कायमची माणसं किती, पैसा कुठून, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका गोष्टीतून निघतात. म्हणून मी पायऱ्या सांगतो आहे त्या शेवटाकडून सुरू होतात.

पायरी १: जागा बघण्याआधी नोकऱ्या बघा

बहुतेक जण आधी गाळा शोधतात. तुम्ही आधी तुमच्या शहरातल्या दहा-बारा हॉटेलांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना आणि शेफना भेटा. त्यांना तीनच प्रश्न विचारा. नवीन पोरांपैकी किती पहिल्या तीन महिन्यांत सोडून जातात? का जातात? आणि सहा महिने शिकलेला मुलगा आला तर त्याला काय यायला हवं?

मला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळालं. चिरणं-परतणं आम्ही शिकवू. वेळेवर येणारा, आंघोळ करून येणारा आणि ओरडा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशीही येणारा मुलगा द्या. तुमचा अर्धा अभ्यासक्रम तिथेच तयार झाला.

या भेटींत एक कायदा हाताशी ठेवा. शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून त्यांच्या विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. म्हणजे मोठ्या हॉटेलाला शिकाऊ मुलांची गरज आहेच. तुम्ही दारात उपकार मागायला उभे नाही आहात, हे बोलताना तुमच्या आवाजात दिसू द्या. मात्र या १५ टक्क्यांच्या मर्यादेमुळे तुमच्या स्वतःच्या सहा-सात माणसांच्या रेस्टॉरंटात १२ मुलं या योजनेखाली बसत नाहीत. ही वाट पुढच्या टप्प्यासाठी, म्हणजे मुलं तुमच्याकडून बाहेर पडतानासाठी आहे.

चार-पाच हॉटेलांनी ‘पाठवा, बघतो’ असं लेखी दिलं की मगच पुढे जा.

पायरी २: मुलं कुठून येणार

वय १८ पूर्ण, ही पहिली अट. १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालच्या मुलांना हॉटेल-ढाब्यांत कामाला ठेवायला बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी जवळपास सर्वच कामांना लागू झाली. १४ ते १८ वयासाठी वेगळी बंधनं आहेत. उकळतं तेल, धारदार सुऱ्या आणि रात्रीची पाळी असलेल्या जागी माझ्या मते १८ च्या खाली जाऊच नये.

बालगृहातल्या मुलांना १८ पूर्ण झाल्यावर तिथून निघावं लागतं, आणि बहुतेकांना कुठे जायचं ते ठाऊक नसतं. बाल न्याय कायद्यात अशांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी दरमहा ४,००० रुपये आहेत. त्यामुळे तुमच्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती यांच्याशी पहिल्या महिन्यातच ओळख करून घ्या. वस्तीतल्या मुलांसाठी तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला सोबत घ्या. घरची परिस्थिती तिला कळते, तुम्हाला कळायला वर्ष जाईल.

निवडताना मार्कशीट बघू नका. आम्ही तीन दिवस बोलावतो: सकाळी आठला यायचं, दुपारी दोनला जायचं. भाजी निवडणं, भांडी पुसणं, टेबलं लावणं एवढंच काम. तिन्ही दिवस जो आला तो घ्यायचा. तिसऱ्या दिवशी काम संपल्यावर स्वतःहून झाडू हातात घेणाऱ्याकडे मी विशेष लक्ष ठेवतो, पण दोन दिवस लाजून गप्प बसलेल्यालाही घ्या. गप्प मुलं स्वयंपाकघरात फार पुढे जातात.

कागदपत्रांचं काम प्रवेशाच्या दिवशीच सुरू करा. आधार, जन्माचा दाखला, बँक खातं, शाळा सोडल्याचा दाखला. सहा महिन्यांनी नोकरी दारात असते आणि दाखल्यावरच्या नावात एक काना कमी असल्याने ती हुकते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पायरी ३: संस्था, परवाने

हे पटकन सांगतो, कारण यासाठी चांगला सनदी लेखापाल गाठणं हेच खरं उत्तर आहे. सार्वजनिक न्यास करता येतो, सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी) करता येते, किंवा साधी खासगी कंपनी. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी घ्यायचा असेल तर खासगी कंपनीचा उपयोग नाही. न्यास किंवा सेक्शन ८ लागते, आयकर खात्याची करसवलतीसाठीची नोंदणी (जुन्या कलमांवरून १२ए आणि ८०जी म्हणतात ती) लागते आणि असा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-१ अर्ज भरावा लागतो.

रेस्टॉरंटसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना (उलाढालीच्या टप्प्यानुसार), शॉप अ‍ॅक्ट, महापालिकेचा आरोग्य परवाना, अग्निशमन दलाचं ना-हरकत आणि जीएसटी. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस आवश्यक आहे; दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक जण प्राधिकरणाच्या ‘फॉस्टॅक’ या अन्नसुरक्षा प्रशिक्षणातून गेलेला असावा. आमचा सल्ला: सगळ्याच मुलांना फॉस्टॅक करू द्या. ते प्रमाणपत्र त्यांच्यासोबत पुढे जातं.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळविरोधी कायद्याखालची अंतर्गत समिती नेमावीच लागते, आणि त्या कायद्यात शिकाऊही कर्मचारीच धरले जातात. समितीचा फलक भांडी घासायच्या जागेजवळ लावा. मुली तिथे एकट्या असतात, तिथे वाचतील.

पायरी ४: मेनू छोटा ठेवा, पण विचार करून

आमचा पहिला मेनू ४२ पदार्थांचा होता. आता १६ आहेत. कारण सरळ आहे: दर सहा महिन्यांनी नव्या हातांना जमला पाहिजे.

प्रत्येक पदार्थाला एक प्रश्न विचारा, हा कोणतं कौशल्य शिकवतो? ऑम्लेट आचेवर ताबा शिकवतं. मोठ्या हॉटेलांच्या सकाळच्या बुफेत नव्या मुलाला अनेकदा अंड्यांच्या काउंटरवरच उभं करतात, म्हणून आमच्याकडे ऑम्लेट कायम आहे. सूपमधून स्टॉक, म्हणजे उकळून काढलेला मूळ रस, कळतो. कोशिंबीर आणि सॅलड सुरी शिकवतात. तांबडा रस्सा वाटण भाजणं शिकवतो. खोबरं आणि कांदा नेमक्या कुठल्या रंगावर उतरवायचा हे पुस्तकातून कळत नाही. कांदा-टोमॅटोची एक ग्रेव्ही नीट जमली की तिच्यावर चार भाज्या निघतात. थालीपीठ हातावर थापणारी मुलगी पुढे पिझ्झ्याच्या कणकेलाही बिचकत नाही. जो पदार्थ चांगला खपतो पण काहीच शिकवत नाही, त्याला पुढच्या छपाईत काढा. आम्ही नूडल्स काढले तेव्हा महिनाभर गल्ला कमी भरला. ते सोसलं.

प्रत्येक पदार्थाचं कार्ड करा: वजन ग्रॅममध्ये, क्रम, वेळ, तयार ताटाचा फोटो. ‘अंदाजाने मीठ’ हा शब्दप्रयोग आमच्या स्वयंपाकघरात बंद आहे. अंदाज यायला वर्षं लागतात आणि या मुलांकडे सहा महिने आहेत.

पायरी ५: दोन वह्या

हा भाग दोनदा वाचा. या क्षेत्रातल्या चांगल्या माणसांना दमवून टाकणारी चूक इथेच होते. रेस्टॉरंटचा आणि शिकवण्याचा खर्च एकाच वहीत गेला की महिनाअखेर तोटा दिसतो, पण तो नेमका कशाचा ते कळत नाही. मग कुणीतरी म्हणतं, मुलं कमी करू या. किंवा वाईट म्हणजे, ‘ही मुलगी चांगली तयार झाली आहे, अजून सहा महिने ठेवू या.’

उदाहरण घेऊ. पहिली वही रेस्टॉरंटची. समजा ४० खुर्च्या आहेत, दिवसाला ७० गिऱ्हाइकं, माणशी सरासरी बिल २५० रुपये, महिन्यात २६ दिवस. विक्री ४,५५,००० रुपये. कच्चा माल ३५ टक्के धरला तर १,५९,२५०. भाडं ७०,०००. कायमच्या सहा माणसांचे पगार १,६०,०००. गॅस, वीज, पाणी ४०,०००. दुरुस्ती, साफसफाई, पार्सलचे डबे असं बाकीचं २५,०००. एकूण ४,५४,२५०. हाताशी ७५० रुपये राहिले. हे रेस्टॉरंट कसंबसं स्वतःच्या पायावर आहे. आणखी एक लक्षात घ्या: रेस्टॉरंटचा जीएसटी ५ टक्के असतो पण त्यावर खरेदीचा कर परत मिळत नाही. भाड्यावर, फ्रिजवर, मिक्सरवर भरलेला कर तुमच्या खर्चातच धरावा लागतो.

आता दुसरी वही, शिकवण्याची. १२ मुलांचं विद्यावेतन ९,००० रुपयांप्रमाणे १,०८,०००. प्रवास आणि राहण्याला मदत १८,०००. समाजकार्यकर्ती ३०,०००. गणवेश, बूट, वह्या, तपासण्या आणि शिकताना वाया जाणारा माल २४,०००. एकूण १,८०,०००, म्हणजे एका मुलामागे महिन्याला १५,००० आणि सहा महिन्यांचे ९०,०००. देणगीदारासमोर हा आकडा ठेवा. ‘आमच्या हॉटेलला मदत करा’ म्हणण्यापेक्षा ‘एका तरुणाचं सहा महिन्यांचं शिक्षण ९०,००० रुपयांचं आहे’ हे खरंही आहे आणि समजायलाही सोपं. धर्मादाय संस्थेने पूरक व्यवसाय चालवला तर त्याचे हिशेब वेगळे ठेवणं आयकर कायद्यालाही हवंच असतं.

विद्यावेतनाबद्दल एक इशारा. ‘शिकाऊ’ म्हटलं म्हणून किमान वेतनाचा कायदा गप्प बसत नाही. आम्ही दिवसाचे चार तास वर्ग आणि चार तास काम अशी लेखी विभागणी केली, आणि कामाच्या तासांचा दर किमान वेतनाखाली जाऊ दिला नाही. कामगार कायद्याच्या जाणकाराकडून तुमचं कोष्टक तपासून घ्या. ज्या मुलांना आयुष्यभर कमी मोजून दिलं गेलं, त्यांना आपणही कमी मोजून देऊ नये.

एकाच थैलीवर किंवा एकाच नावावर उभं राहू नका. लंडनमध्ये जेमी ऑलिव्हर या नामवंत शेफने २००२ मध्ये १५ बेरोजगार तरुणांना घेऊन ‘फिफ्टीन’ हे असंच प्रशिक्षण-रेस्टॉरंट काढलं. त्यातून अनेक तरुण शेफ झाले. २०१९ मध्ये त्याच्या रेस्टॉरंटांचा समूह कोसळला तेव्हा लंडनचं फिफ्टीनही बंद झालं, आणि वर्ष संपता संपता इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातलं फिफ्टीनही. कुणा मोठ्या माणसाच्या नावामुळे गर्दी होत असेल तर त्या गर्दीच्या दिवसांतच त्याच्या नावाशिवाय टिकायची तयारी करा.

पायरी ६: शिकवणारा शेफ

मी पहिल्यांदा सगळ्यात नावाजलेला शेफ आणला होता. हात सोन्याचा होता. पण मुलाने कढई करपवली की तो स्वतः कढई हातात घ्यायचा, कारण बाहेर ताट थांबलेलं असायचं. सहा महिन्यांत जेवण उत्तम झालं आणि मुलं होती तिथेच राहिली.

आता मुलाखतीत मी उमेदवाराला एखाद्या मुलासोबत कांदा चिरायला उभं करतो आणि त्याच्या हातांकडे बघतो. दहा मिनिटांत त्याने किती वेळा सुरी स्वतःकडे घेतली? एकदाही न घेणारा माणूस हवा. ओरडणाऱ्याला नको. मोठ्या स्वयंपाकघरांत ओरडणं चालतं हे मला माहीत आहे. मुलांना त्याची तयारीही करून द्यावी लागते. पण बऱ्याच मुलांच्या घरी ओरडण्यानंतर मार असतो. आवाज चढला की ती मुलं ऐकायचं थांबवतात आणि भिंत शोधतात.

कायमची माणसं सहापेक्षा कमी ठेवू नका: शेफ, त्याच्या हाताखाली दोन, बाहेर कॅप्टन (वाढणाऱ्यांचा प्रमुख), भांडी-साफसफाईला एक, आणि गल्ल्यावर एक. नवी तुकडी आली की पहिला महिना हीच माणसं गाडा ओढतात. जूनमध्ये आमचं जे झालं ते यातल्या दोन माणसांचा खर्च वाचवायला गेल्यामुळे झालं.

पायरी ७: पहिले बारा आठवडे

पहिल्या दिवशी मुलांना काम देऊ नका. त्यांना गिऱ्हाईक म्हणून बसवा. टेबलावर स्वच्छ कापड, पाण्याचे ग्लास, मेनू, आणि शिकवणाऱ्यांनी त्यांना वाढायचं, ‘काय घेणार?’ असं विचारून. संस्थेत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न आयुष्यात फार कमी वेळा विचारला गेलेला असतो. आमच्याकडे एक मुलगा मेनू हातात धरून कितीतरी वेळ बसला होता. वाचता येत होतं त्याला, निवडायचं कसं ते कळत नव्हतं. गिऱ्हाइकाला कसं वाटतं हे सांगायला मला नंतर कधी व्याख्यान द्यावं लागलं नाही.

पहिला आठवडा: नखं, केस, हात धुणं, बंद बूट, घड्याळ, एकमेकांची नावं. बूट तुम्हीच द्या आणि चांगले द्या. ओल्या फरशीवर चपलेने घसरून तेल अंगावर येतं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट आणि हळद लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून करून घ्या.

दुसरा आठवडा: सुरी. पाटाखाली ओलं फडकं, डाव्या हाताची बोटं आत वळवलेली, टोक पाटाला टेकलेलं. धार गेलेली सुरी जास्त कापते, कारण जोर लावावा लागतो. सुरी हातातून पडली तर झेलायची नाही, मागे सरायचं. रोज पाच किलो कांदा. लाल पाट कच्च्या मांसाचा, हिरवा भाजीचा. याच आठवड्यात फ्रिज: शिजलेलं वर, कच्चं खाली, प्रत्येक डब्यावर तारीख, आधी आलेलं आधी वापरायचं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. अन्न एकतर त्याखाली थंड किंवा त्यावर गरम. थर्मामीटर खुपसून बघायला मुलांना आवडतं, बघू द्या.

तिसरा-चौथा आठवडा: आच. दोघांच्या जोड्या करा आणि रोज एका जोडीकडे स्टाफचं जेवण सोपवा. २० माणसांचा वरण-भात-भाजी, वेळ एक वाजता, न चुकता. गिऱ्हाइकांपुढे जाण्याआधीची ही खरी परीक्षा. खारट झालं तर सगळे तेच खातात आणि करणारेही तेच खातात. कुणी काही बोलायची गरज पडत नाही.

पाचवा आठवडा: बाहेर. पाण्याने भरलेले ग्लास ट्रेमध्ये, ट्रे डाव्या हातावर, आणि रिकाम्या हॉलमध्ये फेऱ्या. मग तीन प्लेटा. मग केओटी, म्हणजे स्वयंपाकघराला द्यायची ऑर्डरची चिठ्ठी: टेबल क्रमांक, किती जण, काय, तिखट कमी-जास्त, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणं. इंग्रजीची भीती इथे उफाळून येते. व्याकरण शिकवू नका. रेस्टॉरंटात लागणारी वीस वाक्यं पाठ करून घ्या, रोज सकाळी अर्धा तास, एकमेकांचं गिऱ्हाईक होऊन. आणि एक मराठी वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं: ‘मला माहीत नाही, आत विचारून लगेच सांगतो.’ शेंगदाणे आहेत का असं विचारल्यावर अंदाजाने ‘नाही’ म्हणणारा मुलगा कुणाचा तरी जीव धोक्यात घालतो.

सहाव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत खरी सर्व्हिस, प्रत्येकाच्या मागे एक जाणता. दोन आठवडे आत, दोन आठवडे बाहेर. सहा महिन्यांतले शेवटचे दीड महिने भागीदार हॉटेलात.

या काळात मुलं गळतात, आणि गळतीची वेळ ठरलेली असते: पहिलं विद्यावेतन मिळाल्यानंतरचा आठवडा. कुणाच्या घरी कर्ज असतं आणि सगळे पैसे जातात, कुणी पहिल्यांदाच एवढे पैसे पाहिलेले असतात. त्या आठवड्यात समाजकार्यकर्तीने प्रत्येकाशी एकटं बसून बोलावं. पैसे थेट मुलाच्या खात्यावरच जावेत. ‘तुझ्या भल्यासाठी आम्ही ठेवतो’ असं कधीही करू नका.

गैरहजेरीचं कारण शोधल्याशिवाय शिक्षा नको. आमच्याकडे एक मुलगा दर मंगळवारी उशिरा यायचा. तीन वेळा समज दिली. चौथ्या वेळी समाजकार्यकर्ती त्याच्या घरी गेली तेव्हा कळलं, मंगळवारी सकाळी वस्तीत टँकर येतो आणि घरात पाणी भरणारा तोच एक आहे. मंगळवारी त्याला दुपारची पाळी दिली. पुढे तो एकदाही उशिरा आला नाही. तीन वेळा समज देण्याआधी एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं, याची मला अजून खंत आहे.

मुलींसाठी: शेवटची ऑर्डर साडेनऊला, आणि घरापर्यंत पोचवायची सोय तुमची. ही सोय नसेल तर मुलींना संध्याकाळची सर्व्हिस शिकायलाच मिळत नाही, आणि पुढे मोठ्या हॉटेलात त्या तिथेच मागे पडतात.

सहा महिने पुरतात का? कधीकधी नाही. व्हिएतनाममधल्या हनोईत जिमी फाम यांनी १९९९ मध्ये रस्त्यावरच्या मुलांसाठी सँडविचच्या छोट्या दुकानापासून ‘कोटो’ हे प्रशिक्षण-रेस्टॉरंट सुरू केलं. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, इंग्रजी आणि रोजच्या जगण्याची कौशल्यं त्यात स्वयंपाकाइतकीच मोलाची धरली गेली आणि मेलबर्नच्या बॉक्स हिल इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र त्याला जोडलं गेलं. तेवढा निधी असेल तर जरूर करा. नसेल तर सहा महिन्यांत थोडंच, पण पक्कं शिकवा.

पायरी ८: गिऱ्हाइकाला काय सांगायचं

कमी सांगा. मेनूच्या शेवटी एक ओळ पुरे: ‘इथे तरुण शिकत आहेत, काही चुकलं तर आम्हाला सांगा.’ मुलांची गोष्ट, त्यांचे फोटो, ‘हा अनाथ आहे’ अशी ओळख, यातलं काही टेबलावर येता कामा नये. त्याचं बालपण तुमची जाहिरात नाही. कुणी मुलाला थेट विचारलं तर मुलाने ‘मी इथे शिकतो’ एवढंच म्हणावं आणि कॅप्टनने पुढे यावं. कंबोडियात नॉम पेन्हच्या ‘फ्रेंड्स’ रेस्टॉरंटात शिकणाऱ्यांच्या टी-शर्टवर ‘विद्यार्थी’ आणि शिकवणाऱ्यांच्या टी-शर्टवर ‘शिक्षक’ असं छापलेलं असे. तेवढ्यावरून गिऱ्हाईक आपोआप थोडा धीर धरतं आणि कुणाचा भूतकाळ उघडा पडत नाही. मुंबईत पवईला २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मिर्ची अँड माइम’मध्ये वाढणारे मूकबधिर होते; मेनूत प्रत्येक पदार्थाशेजारी त्याची खूण छापली आणि गिऱ्हाईक खुणेने ऑर्डर देऊ लागलं. कणव मागणारं एकही वाक्य लागलं नाही.

दयेने येणारं गिऱ्हाईक एकदाच येतं. वरण गरम असेल तर दुसऱ्यांदा येतं. पदार्थ बिघडला तर पैसे घेऊ नका, ‘मुलं शिकत आहेत’ हे कारणही देऊ नका. टिप एका डब्यात जमा करून आतल्या-बाहेरच्या सगळ्यांत सारखी वाटा, भांडी घासणाऱ्यासकट.

पायरी ९: पाठवणी

एकेकट्याला पाठवू नका, एका हॉटेलात दोघं पाठवा. जाण्याआधी एकदा तिथे नेऊन स्टाफचं दार, कपडे बदलायची जागा, जेवायची जागा दाखवून आणा. पुढचं चकचकीत दार बघून परत फिरलेली मुलं आहेत. पहिला पगार हातात यायला महिना उलटून जातो, तोवर भाडं आणि प्रवास कसा भागणार हे आधी ठरवा. आम्ही बिनव्याजी ८,००० रुपये देतो, ते चार हप्त्यांत परत येतात. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, बँक खातं आणि प्रमाणपत्रांची एक फाइल प्रत्येकाच्या हातात. मूळ कागद मुलाकडे, आपल्याकडे फक्त प्रती.

तुमच्या कामाचं माप किती जणांना शिकवलं यावर नको. एका वर्षानंतर किती जण कामावर आहेत ते मोजा. त्याच हॉटेलात असायला हवेत असं नाही. त्यासाठी एक साधी वही पुरते: पहिला दिवस, सातवा, तिसावा, नव्वदावा, एकशे ऐंशीवा, आणि वर्ष. प्रत्येक तारखेला फोन, आणि मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. सातव्या दिवशी बहुतेक जण ‘परत येऊ का’ असं विचारतात. ‘दार उघडं आहे, पण तीस दिवस पूर्ण करून ये’ असं आम्ही सांगतो. तीस दिवसांनंतर आलेली मुलं बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी येतात, भेटायला. आल्यावर त्यांना खुर्चीवर बसवून ठेवू नका. नव्या तुकडीतला एखादा मुलगा त्यांच्या शेजारी उभा करा.

फोन रात्री साडेअकरानंतर करा. त्याआधी ती सर्व्हिसमध्ये असतात.